खालची दुमड

माझ्या नवऱ्याने लहानपणी एकही सरळ टी-शर्ट घातला नाही.

त्याचे बाबा टी-शर्ट छापायचे. चाळीस वर्षं, एकाच कारखान्यात. लाकडी पाटावर टी-शर्ट पसरायचा, वर जाळीची चौकट टेकवायची, रंग ओतायचा आणि रबरी पट्टीने तो जाळीतून खाली ओढायचा. छाप नीट आला तर माल गिऱ्हाइकाकडे, बिघडला तर घरी. त्यामुळे नवरा आणि त्याची मोठी बहीण अंगावर बिघाड घालूनच वाढले. दोन नाकांचा सिंह. चाकं आभाळाकडे केलेली सायकल. एक धावपटू होता, त्याचा निळा रंग लाल रंगापासून बोटभर सरकलेला, जणू पळता पळता माणूस स्वतःच्याच पुढे निघून गेलाय. शाळेत पोरं विचारायची, "तुझे बाबा डोळे मिटून छापतात का रे?"

"नाही, झोपून," असं नवरा म्हणायचा. अजूनही हा विनोद तो वर्षातून दोनदा तरी करतो.

बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ताईंकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे, पाच आठवडे राहायला गेले तेव्हा आमची भिंगरी नुकती रांगायला लागली होती. नऊ महिन्यांची ही मुलगी फरशीवर भोवऱ्यासारखी फिरायची आणि जाऊन थेट बाबांच्या पलंगाखाली शिरायची. तिला तिथून ओढून काढताना एका पत्र्याच्या पेटीला माझं डोकं आपटलं. पेटीत टी-शर्ट होते. घड्या घातलेले, चोवीस.

मी नवऱ्याला कामावर फोन लावला.

"बाबांच्या पलंगाखाली पेटीभर टी-शर्ट आहेत."

"असणारच. आमच्या घरात झुरळं आणि टी-शर्ट कधी संपत नाहीत."

"भिंगरीला फरशीवर टाकायला गोधडी शिवू का त्यांची?"

"शीव की. बिघडलेलाच माल तो. मला कसलं विचारतेस?"

खरंच, त्याला कसलं विचारायचं? विचारायचं होतं ते बाबांना. पण ते आले की समोर गोधडी पसरायची आणि त्यांचा चेहरा बघायचा, हे मी मनात ठरवूनही टाकलं होतं. शिवाय माझ्याकडे विचारत बसण्याएवढा वेळ नव्हता. भिंगरी सकाळी चाळीस मिनिटं झोपते आणि दुपारी, मूड असला तर, सव्वा तास. त्यात अंघोळ, स्वयंपाक, कपडे आणि स्वतःचं डोकं जागेवर ठेवणं, एवढं सगळं उरकून जे उरेल ते माझं.

शिवणकाम मला येत होतं, पण हे कापड मला नवं होतं. साधं कापड विणकराच्या मागावरचं. कापलं तरी गप्प पडून राहतं. टी-शर्टचं कापड म्हणजे बारीक लोकर विणावी तशी विणलेली जाळी. कापलं की कडा गुंडाळतात, ओढलं की लांबतं, सोडलं की पहिल्यासारखं होईलच असं नाही. पहिला चौकोन मी पट्टीने मोजून चौदा इंचाचा कापला आणि शिवायला घेतला तर तो एका बाजूने पंधरा झाला. मी तो घेऊन कोपऱ्यावरच्या टेलरबाईंकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अगं, पाणी कधी घडी घालून ठेवतात का? आधी त्याला पाठ दे."

पाठ म्हणजे चिकटणारं अस्तर. एका बाजूला गोंदाचे बारीक ठिपके असलेलं पातळ पांढरं कापड. टी-शर्टचा पुढचा भाग अंदाजाने मोठा कापायचा, उलटा ठेवायचा, त्यावर अस्तर टाकून गरम इस्त्री दहा मोजेपर्यंत नुसती दाबायची. फिरवायची नाही. गार झालं की कापड शहाणं होतं. मग पुठ्ठ्याचा चौदा इंची चौकोन ठेवून नेमकं कापायचं. सुईही बदलावी लागली. टोकदार सुई विणीचा धागा तोडते आणि भोक वाढत जातं. गोल टोकाची सुई धाग्यांच्या मधून वाट काढते. टेलरबाईंनी तशा चार सुया मला कागदात गुंडाळून दिल्या आणि बजावलं, "छापावर इस्त्री टेकवशील तर याद राख. रबर असतं ते."

चोवीस चौकोन कापायला मला तीन आठवडे लागले. चौकोन निघाल्यावर उरायच्या त्या बाह्या, गळे आणि खालच्या दुमडीच्या पट्ट्या. फेकवत नव्हतं. दुमड दुहेरी असते, जाड असते. मी त्या चोवीस पट्ट्यांच्या वेण्या घातल्या, वेण्या गोल गुंडाळून टाके घातले आणि मोरीच्या दाराशी टाकायला झकास पायपुसणं तयार झालं. काही पट्ट्यांच्या आतल्या अंगाला काळी बारीक अक्षरं दिसली होती. धोब्याच्या खुणा असतील म्हणून मी वाचलीही नाहीत.

बाबा परत आले त्या दिवशी ताई त्यांना सोडायला आल्या होत्या. ऑपरेशनमुळे बाबांना सगळंच नवीन दिसत होतं. "भिंतीला हा रंग होता?" त्यांनी विचारलं. मग भिंगरीकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "हिला तीळ आहे होय!" त्यांच्या मानाने हे भाषणच झालं. बाबा दिवसाला दहा वाक्यं बोलतात आणि त्यातली चार "हं" असतात.

ताई मात्र येतानाच घाईत होत्या. त्यांनी ऑफिसातली नोकरी सोडून महिनाभरापूर्वी एक गाळा घेतला होता. बाबांचा कारखाना बंद पडला तेव्हा तिथल्या जुन्या चौकटी, पाट, सुकवायची भट्टी असं सगळं त्यांनी उचललं होतं. धावणाऱ्यांच्या एका मंडळाने त्यांना दोनशे टी-शर्ट सांगितले होते, दोन रंगांत, तीन आठवड्यांत.

"तीस वाया घालवले," त्या चहाचा कप हातात घेऊन म्हणाल्या. "छाप धुतला की भेगा पडतात. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळत नाही. बाबांना विचारलं की म्हणतात, नीट बघ. बघतेच आहे हो! माझे डोळे फुटायची वेळ आली आणि यांना नवीन मिळाले."

"पेटी घेऊन जा म्हटलं ना," बाबा म्हणाले.

"त्यासाठीच आलेय. कुठाय पेटी?"

मी मोठ्या ऐटीत चौकोनांची चळत आणून बाबांसमोर ठेवली. माझ्या मनातला तो क्षण थोडा आधीच आला होता, पण आला होता.

बाबांनी वरचा चौकोन उचलला. तोच तो सरकलेला धावपटू. त्यांनी तो उलटा केला. पांढरं अस्तर. पुन्हा सुलटा केला. मग दुसरा. मग तिसरा.

"खालची दुमड?" त्यांनी विचारलं.

"दुमड? ती तर कापून टाकावीच लागते, बाबा. चौकोनात बसत नाही."

त्यांनी चौकोन चळतीवर परत ठेवला, कडा जुळवून. ताईंनी कप खाली ठेवला.

"प्रत्येक बिघाडाचा एकेक नग बाबांनी जपून ठेवला होता," ताई हळू म्हणाल्या. "दुमडीच्या आत लिहिलंय, का बिघडला ते. इकडे येताना वाटेत मला पहिल्यांदा सांगितलं त्यांनी. चाळीस वर्षांचं आहे."

माझी नजर नको तिकडे गेली. मोरीच्या दाराकडे. ताईंची माझ्या मागोमाग गेली.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "या माणसाने जन्मात एवढंच लिहिलं, आणि तू त्याला पाय पुसलेस?"

मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. "नाही हो, मला... मला वाटलं धोब्याच्या..." एवढंच तोंडातून निघालं. ताईंनी मग आवाज उतरवला, माझ्या पाठीवरून हातही फिरवला, पण त्यांचा चेहरा पडला तो पडलाच. रिकाम्या हातांनी परत गेल्या. गाळा, नोकरी, दोनशे टी-शर्ट, सगळं आता त्या पेटीच्या भरवशावर होतं आणि पेटी मी कापली होती.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ते फक्त मोरीत जाता-येता पायपुसण्यावर पाय ठेवीनात. ओले पाय घेऊन, दाराची चौकट धरून, त्या वयात ते त्याच्यावरून लांब टांग टाकायचे. दिवसातून सहा वेळा. मी मोजल्या.

तिसऱ्या दिवशी भिंगरी झोपताच मी पायपुसणं उचललं आणि टाके उसवायला बसले. घालायला दोन दिवस लागले होते, सोडवायला पाच. मी ते इतकं घट्ट विणलं होतं की स्वतःचाच राग यावा. सोडवलेली एकेक पट्टी साबणाच्या पाण्यात बुडवायची, चोळायची नाही, नुसती हलवायची, आणि वाळत घालायची. अक्षरं न जाणाऱ्या शाईची होती. दोन पट्ट्यांवरची पायांनी झिजून गेली होती, बाकी बावीस वाचता येत होत्या. आता मी वाचत होते.

"गोंद कमी. कापड हललं." "रंग पातळ केला." "डाव्या हाताचा जोर कमी." "जाळीवर धूळ." "भट्टी थंड. भाजला नाही, तडकणार."

तडकणार! मी ताबडतोब ताईंना फोन लावला. "भट्टी थंड आहे तुमची."

"काय?"

"भेगा. छाप पुरता भाजला जात नाहीये. बाबांनी लिहिलंय."

"भट्टीवरचा आकडा तर बरोबर दाखवतोय गं. थांब, पत्र्याखालची एक तापायची पट्टी विझलेली वाटते... थांब हां." आणि फोन ठेवला.

एक अडचण सुटली. पण दुसरी होतीच. चोवीस पट्ट्या एकीकडे, चोवीस चौकोन दुसरीकडे, आणि कोणती पट्टी कोणाची ते कळायला मार्ग नाही. पंधरा टी-शर्ट तर पांढरेच होते. नुसतं "डाव्या हाताचा जोर कमी" वाचून ताईंना काय कळणार? ते दिसतं कसं, हे शेजारी हवं.

रविवारी ताई आल्या. मी सगळे चौकोन खिडकीशी जमिनीवर मांडले, पट्ट्या ताटात ठेवल्या आणि बाबांना म्हटलं, "बाबा, चूक माझी आहे. जुळवायला मदत कराल?"

बाबा खुर्चीवरून उठून खाली बसले. गुडघे धरून, हळूहळू. पहिला चौकोन उचलून उजेडात तिरका धरला. एका मांजराचं चित्र होतं, पण मांजर दोनदा उमटलं होतं.

"पाटाला गोंद कमी लावला. रबरी पट्टी ओढताना कापड तिच्याबरोबर आलं. हे बघ, सावली ओढण्याच्या बाजूलाच आहे."

ताईंनी ताटातून पट्टी शोधली. "गोंद कमी. कापड हललं. बरोबर!"

दुसरा. लाल टी-शर्टवरचा पांढरा चंद्र गुलाबी झालेला. "भट्टी जास्त गरम. खालचा लाल वितळून वर चढला. याला पांढरा दोनदा देऊन भागत नाही, आच कमी ठेवायची, वेळ वाढवायचा."

तिसरा, चौथा, पाचवा. पट्टी हातात येण्याआधी बाबा कारण सांगत होते आणि पट्टी त्यांना हो म्हणत होती. दहाव्या चौकोनापर्यंत त्यांची महिन्याभराची वाक्यं खर्च झाली. झिजलेल्या दोन्ही पट्ट्यांचं कारणसुद्धा त्यांनी नुसत्या छापावरून सांगितलं. भिंगरी रांगत येऊन मांजरावर बसली तेव्हा तिला उचलून मांडीवर घेताना ते म्हणाले, "तू पण ओढताना हललीस काय!"

ताईंनी कपाळाला हात लावला. "बाबा, एवढं सगळं तोंडपाठ होतं, तर मला नुसतं 'नीट बघ' का म्हणत राहिलात?"

"तू विचारायचीस, कसं करायचं?"

"मग?"

"ते मला सांगता येत नाही. हाताला माहीत असतं. काय चुकलं ते सांगता येतं." मग म्हणाले, "तू तुझे बिघडलेले दाखवलेसच कुठे? माझ्यापासून लपवून ठेवलेस."

तीस टी-शर्ट कुठल्या गोणीत कोंबले होते ते त्यांनाच ठाऊक.

मग उलटी सायकल आली. ताईंनी पट्टी आधीच शोधून ठेवली होती. "'लक्ष नव्हतं.' बस, एवढंच? आणि बाबा, याच्यावर तारीख..." त्यांनी पट्टी खिडकीकडे धरली. "ही तर माझी तारीख आहे."

"हं."

"मी झाले त्या दिवसाचा आहे हा?"

"निरोप आला कारखान्यात. त्यानंतर चाळीस नग उलटे छापले. मालक बोंबलला तेव्हा कळलं."

"मग लिहायचं ना तसं! मुलगी झाली म्हणून!"

"चूक लक्षाची होती," बाबा म्हणाले. "तुझ्या नावावर कशाला लिहू?"

ताई उठून पाणी प्यायला आत गेल्या. पाणी पिऊन यायला त्यांना बराच वेळ लागला.

शेवटचा चौकोन हत्तीचा. त्याला सोंड नव्हती. सोंडेच्या जागी चकचकीत डाग होता. बाबांनी तो डोळ्यांजवळ नेला, वास घेतला.

"हे माझं नाही."

नव्हतंच. "माझं आहे," मी म्हटलं. "सोंड इस्त्रीला चिकटली." टेलरबाईंनी बजावूनही एका दुपारी चौकोन सुलटाच राहिला होता.

त्यांनी खिशातून पेन काढून माझ्या पुढे धरलं. "लिही."

हत्तीच्या पट्टीवर बाबांच्या ओळीनंतर जागा होती. मी लिहिलं: "इस्त्री सरळ छापावर टेकवली. मुलगी उठली, घाई झाली." त्यांनी वाचलं.

"मुलीचं खोड," ते म्हणाले.

मी खोडलं.

गोधडी मी नव्याने आखली. चौकोनांच्या मध्ये घालायला राखाडी कापडाच्या पट्ट्या आणून ठेवल्या होत्या. आडव्या ओळींतल्या त्या काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी प्रत्येक चौकोनाखाली त्याचीच दुमड लावली, अक्षरं बाहेर करून. मध्ये कापसाचा पातळ थर, खाली जुनी चादर. छापाच्या रबरावर मशीन टाके सोडत होतं, म्हणून तिथे शिवण घातलीच नाही. चौकोनांच्या कोपऱ्यांवर हाताने गाठी मारल्या. भिंगरीच्या सहा झोपा लागल्या. गोट घालून झाल्यावर मी गोधडी जमिनीवर पसरली आणि तिला वर ठेवलं. ती सिंहाच्या दोन्ही नाकांवर आळीपाळीने हात आपटत राहिली. मी तेवढा वेळ बघून घेतलं. मग तिला उचललं आणि गोधडीची घडी घातली.

"तिची होती ना ती?" नवऱ्याने विचारलं.

"हो."

"मग?"

"तिला दुसरी करीन. राखाडी पट्ट्या आहेतच."

हे मी हसत म्हटलं, पण घडी मी दोनदा उलगडून पुन्हा घातली होती. खोटं कशाला बोलू?

ताईंच्या गाळ्यात आम्ही सगळे गेलो. दोनशेपैकी एकशे वीस झाले होते, भेगा न पडता, आणि दिवस दोन उरले होते. भट्टीची विझलेली पट्टी त्यांनी बदलून घेतली होती. गोधडी समोरच्या भिंतीवर चार खिळ्यांनी टांगली. बाबांना तिच्याखाली स्टूल दिलं. ते बसले. त्यांचे हात आता थरथरतात, रबरी पट्टी धरवत नाही. ते त्यांनी मांडीवर एकावर एक ठेवले.

ताईंनी पाटावर टी-शर्ट पसरला, चौकट टेकवली, पट्टी ओढली. उचलून बघितलं. एका कडेला रंग पुसट. त्यांनी मान वर केली. मला वाटलं बाबांकडे बघतील, पण त्या भिंतीकडे बघत होत्या. वरची ओळ, दुसरी ओळ. "डावा हात," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि पुढचा टी-शर्ट घेतला.

बाबा माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "आता मला विचारतसुद्धा नाही."

तक्रार होती की काय, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. ते स्टुलावर जरा मागे सरकून बसले. कामावरून घरी आलेला माणूस बसतो तसे.

पाच झाले, सात झाले. आठव्याला ताई थबकल्या. छाप बरोबर होता, रंग बरोबर होता, पण मधोमध केसाएवढी एक वाकडी रेघ कोरी राहिली होती. त्यांनी भिंत वाचली. वरून खाली, मग खालून वर. मी पण वाचली. अशी रेघ त्यात नव्हती.

"बाबा," ताई म्हणाल्या, "हे कुठलं?"

बाबा उठले. गुडघे न धरता उठले, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्यांनी टी-शर्ट उजेडाकडे तिरका धरला, अंगठ्याने ती रेघ चाचपली, मग चौकटीची जाळी खालून बघितली, मग रबरी पट्टीच्या कडेवरून नख फिरवलं.

"हे मी नाही केलं कधी," ते म्हणाले. आवाजात चक्क कौतुक होतं. "दिवा आण."

ताईंनी दिवा आणला. दोघांची डोकी त्या एका टी-शर्टवर वाकली. "धागा असेल," ताई म्हणाल्या. "धागा दुसऱ्यावर पण उमटला असता," बाबा म्हणाले, "अजून एक ओढ, तिथेच येते का बघू." कडेवर बसलेली भिंगरी दिव्याकडे झेपावत होती आणि मी तिला आवरत, टाचा उंचावून, त्यांच्या खांद्यांवरून काय दिसतंय ते बघायचा प्रयत्न करत होते.